ठिपक्यांचा पट्टा आणि ओढ्याकाठची पाले

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी खुनाची गोष्ट मांडावी, हे काहींना रुचेल, काहींना रुचणार नाही. पण चकली काय किंवा रहस्यकथा काय, दोहोंची परीक्षा एकच: शेवटच्या तुकड्यापर्यंत ती कुरकुरीत राहिली पाहिजे. आमच्या घरी तर लक्ष्मीपूजन आटोपले, फटाके संपले, की रात्री ओसरीवर कंदिलाच्या उजेडात अण्णांनी एक गोष्ट सांगायची असा शिरस्ताच होता.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. आमचे गाव बोरी नदीच्या अंगाला, नळदुर्गपासून दोन-तीन कोसांवर. अण्णांचे शिक्षण निजामी अमलात हैदराबादेस झालेले. उर्दूत शिकलेले, इंग्रजी दांडगे आणि बोलणे मात्र अस्सल आमच्याकडचे. त्यांच्या लाकडी पेटीत शेरलॉक होम्सच्या कथांचे एक जुने, पाठीचा कणा मोडलेले पुस्तक होते. १९६२ सालच्या दिवाळीत, मी दहा वर्षांचा असताना, त्यांनी त्यातली 'स्पेकल्ड बँड' ही कथा आम्हा मुलांना मराठीत सांगितली. आमचे घर माळवदाचे. माळवदाला उजेडासाठी झरोका. त्या रात्री आम्ही सगळी पोरे झरोक्याखालची आपापली अंथरुणे ओढून भिंतीकडे घेऊन निजलो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आर्थर कॉनन डॉईल यांची ही कथा लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकात फेब्रुवारी १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९२७ साली खुद्द लेखकाने आपल्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी केली, तेव्हा हिला पहिला मान दिला. पण या कथेची खरी गंमत निराळी आहे. रहस्यकथेत खलनायक कोण हे शेवटी कळावे असा संकेत. इथे तो आपल्याला पहिल्या चार-पाच पानांतच भेटतो. खून कोणी केला हे कोडे नाहीच. तो केला कसा, हे कोडे आहे. तेव्हा वाचकाला धरून ठेवायचे ते खलनायकाच्या चित्रणानेच. ते चित्रण डॉईलने कसे केले, आणि आमच्या धाराशिवच्या मातीत बसून ते वाचताना मला काय काय दिसले, हे आज सांगावेसे वाटते.

प्रथम कथा. १८८३ च्या एप्रिलमधली पहाट. हेलन स्टोनर नावाची एक तरुणी थरथरत होम्सकडे येते. वय तिशीचे, पण केस पिकू लागलेले. तिचा सावत्र बाप डॉक्टर ग्रिम्सबी रॉयलॉट एका जुन्या सरदार घराण्यातला अखेरचा पुरुष. घराणे उधळेपणाने बुडालेले, वाडा गहाण आणि पडका. दोन वर्षांपूर्वी हेलनची जुळी बहीण ज्युलिया लग्नाला पंधरा दिवस उरले असताना रात्री बंद खोलीतून बाहेर येऊन कोसळली आणि मेली. मरताना तिच्या तोंडून शब्द निघाले ते 'ठिपक्यांचा बँड' असे काहीतरी. आता हेलनचे लग्न ठरले आहे, आणि तिला निजायला बहिणीचीच खोली दिली आहे.

"बँड म्हणजे लग्नातली वाजंत्री का, अण्णा?" असे आमच्यापैकी एकाने विचारले होते. अण्णा हसले. म्हणाले, "अरे, इंग्रजीत बँड म्हणजे पट्टा, आणि बँड म्हणजे टोळीसुद्धा. सगळी मेख तिथंच आहे."

खलनायक प्रथम दिसतो तो हेलनच्या मनगटावर. ती काही बोलत नाही. होम्स तिची बाही वर सारतो आणि पाच बोटांचे काळेनिळे वळ उघडे पडतात. माणूस यायच्या आधी त्याची बोटे आली. मग तो स्वतः येतो. दार अडवील असा धिप्पाड देह, उन्हाने पिवळा करपलेला सुरकुत्यांचा चेहरा, गिधाडासारखे नाक. तो धमक्या देतो, चुलीपाशी पडलेली लोखंडी सळई हातांनी वाकवून फेकतो आणि निघून जातो. तो गेल्यावर होम्स तीच सळई सहज सरळ करतो. सबंध कथेत रॉयलॉट समोरासमोर बोलतो तो एवढ्याच एका प्रसंगात. बाकी सर्व त्याच्याविषयी दुसऱ्यांनी सांगितलेले.

खलनायकाला नुसता राग असून भागत नाही. त्याला हिशेबही असावा लागतो. डॉईलने तोही दिला आहे. बायकोच्या मृत्यूच्या वेळी तिच्या पैशाचे उत्पन्न वर्षाला सुमारे ११०० पौंड होते. शेतमालाचे भाव पडले आणि ते ७५० वर आले. मुलीचे लग्न झाले की तिला २५० पौंड वेगळे काढून द्यायचे. म्हणजे दोघी उजवल्या तर बापाच्या हाती उरणार फक्त २५०. शेतमालाचा भाव पडला की घरात काय काय होते, हे आमच्या दुष्काळी मुलखातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. इथे दोन मुलींच्या लग्नाचा आकडा हाच खुनाचा हेतू आहे.

आणि तिसरी गोष्ट, विद्या. होम्स एके ठिकाणी म्हणतो की, डॉक्टर वाईट वळणाला लागला तर त्याच्यासारखा गुन्हेगार नाही. कारण त्याच्यापाशी धीरही असतो आणि ज्ञानही. तो पामर आणि प्रिचर्ड या दोन डॉक्टरांची नावे घेतो. ही नावे कल्पित नव्हेत. त्यांतला एक १८५६ मध्ये आणि दुसरा १८६५ मध्ये विषप्रयोगाच्या खुनांसाठी ब्रिटनमध्ये खरोखरच फासावर गेला. म्हणजे डॉईलचा दुष्ट हा रानातला दरोडेखोर नव्हे. तो घराण्याचा, शिकलेला, गावचा मालक आहे. कथेचे मोठेपण मला इथे वाटते.

पण या माणसाला दुष्ट बनविण्यासाठी लेखकाने मसाला आणला तो आपल्याकडून. रॉयलॉट कलकत्त्याला डॉक्टरकी करून परतलेला. उष्ण देशात राहून घराण्याचा संताप आणखी भडकला, असे हेलनच सांगते. वाड्याच्या आवारात त्याने हिंदुस्थानातून मागवलेला एक चित्ता आणि एक बबून माकड मोकळे सोडले आहे. आणि खुनाचे हत्यारही हिंदुस्थानी: दलदलीतला एक ठिपक्यांचा साप, जो भिंतीतल्या झरोक्यातून खोट्या घंटेच्या दोरीवरून पलंगावर उतरतो, शिट्टी वाजली की परत जातो, आणि बशीतले दूध पितो.

अण्णा इथे थांबून आम्हाला विचारीत, "पोरांनो, यात खोटं काय?" ही आमची खरी परीक्षा असे. बबून हिंदुस्थानात नसतो, तो आफ्रिका-अरबस्तानचा. हे त्यांनी सांगितले तेव्हा कळले. चित्ता मात्र आपला होता. १९५२ मध्ये तो देशातून संपल्याचे सरकारने जाहीर केले. तसा दलदलीचा साप कुठल्याच शास्त्रज्ञाला ठाऊक नाही. सापाला बाहेरचे कान नाहीत. शिट्टी ऐकून दोरी चढणारा साप कुणी पाहिलेला नाही. आणि दूध? ते ऐकून आजी आतून म्हणाली, "म्हणजे साहेबाच्या देशातही नागपंचमी असते की!" खरोखर, नागाला दूध पाजण्याची आपली समजूत आणि डॉईलची ती बशी या सख्ख्या बहिणी आहेत. साप दुधावर जगत नाही. या कथेच्या जवळ जाणारा आपल्याकडचा साप म्हणजे मण्यार. तो रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, आणि दंश इतका हलका की कित्येकदा झोपही मोडत नाही. पण त्याच्याही विषाला तास लागतात. होम्स म्हणतो तसा दहा सेकंदांत माणूस मरत नाही. म्हणून झोपताना खाट आणि मच्छरदाणी वापरावी, आणि दंशाची शंका येताच मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठावा, हे सांगणे गोष्टीपेक्षाही अगत्याचे आहे.

मग असा प्रश्न पडतो की, इंग्रज वाचकाला हे सारे खरे का वाटले? कारण हिंदुस्थान म्हणजे विष, फास आणि गूढ, ही समजूत त्याच्या मनात निदान पन्नास वर्षे मुरलेली होती. आणि नवल असे की, ती मुरविण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस आमच्या नळदुर्गला राहून गेला. फिलिप मेडोज टेलर त्याचे नाव. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि हा आमचा पश्चिमेचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला, तेव्हा नळदुर्गच्या कारभारावर टेलर आला आणि १८५७ पर्यंत होता. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. तुळजापूरच्या आईच्या परिसरावर त्याने 'तारा' ही कादंबरी १८६३ मध्ये लिहिली. पण त्याला कीर्ती मिळाली ती त्याआधीच, १८३९ मधल्या एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या कादंबरीने. तिचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो अमीर अली. त्याच्या नावावर ७१९ खून. आणि मध्ये तुरुंगात बारा वर्षे गेली नसती तर हजार भरले असते अशी त्याची हळहळ!

मेडोज टेलरने ठगांच्या माफीच्या साक्षीदारांचे जबाब स्वतः नोंदविलेले होते. म्हणून त्याचा अमीर अली स्वतः बोलतो. आपले बालपण सांगतो, ज्यांनी आपले आईबाप मारले त्यांच्याच घरी आपण वाढलो हे सांगतो, आणि नकळत आपल्याच बहिणीचा गळा आवळला हेही सांगतो. तो क्रूर आहे, पण ऐकताना माणूस वाटतो. रॉयलॉट तसा बोलत नाही. त्याचे बालपण नाही, पश्चात्ताप नाही. तो येतो, सळई वाकवतो आणि अखेर आपल्याच सापाने मरतो. होम्सने छडीने झोडपलेला साप मागे फिरून मालकालाच चावलेला असतो. या मृत्यूची जबाबदारी काही अंशी आपली आहे, पण तिचे ओझे आपल्या मनाला फारसे होणार नाही, असे होम्स म्हणतो. वाचकालाही होत नाही. खलनायकाला बोलू दिले नाही म्हणजे त्याच्यासाठी रडावे लागत नाही. रहस्यकथेची ही जुनी सोय आहे.

इथवर सगळे वाचक येतात. मी मात्र मोठेपणी ही कथा पुन्हा वाचताना एका वाक्यापाशी अडलो. कलकत्त्यात रॉयलॉटच्या घरी काही चोऱ्या झाल्या, आणि त्या संतापात त्याने आपल्या हिंदी बटलरला मारमारून ठार केले. फाशी थोडक्यात चुकली, लांब मुदतीची कैद झाली. बस्स, एवढेच. त्या माणसाला नाव नाही. चोरी त्यानेच केली होती की नाही, हेही कुणी विचारीत नाही. कथेतला पहिला खून खरे तर हाच; पण त्याच्यासाठी होम्स नाही. रॉयलॉट किती तापट आहे हे दाखविण्यापुरताच तो बटलर मरतो.

आणि खऱ्या इतिहासात रॉयलॉटला झाली तेवढी तरी शिक्षा होत असे का? १८७६ मध्ये आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो मेला. प्लीहा फुटून मेला असे डॉक्टरने सांगितले, आणि दंड झाला ३० रुपये. खुद्द व्हाइसरॉय लिटन यांनी या निकालावर नापसंती नोंदविली, तेव्हा गोऱ्यांची वृत्तपत्रे व्हाइसरॉयवरच उलटली. गंमत पाहा: डॉईलने कथेचा काळ दिला आहे एप्रिल १८८३. नेमक्या त्या महिन्यांत कलकत्त्याचे गोरे लोक इल्बर्ट बिलाविरुद्ध सभा गाजवीत होते. जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशाने गोऱ्याचा खटला चालवू नये म्हणून. १८८४ मध्ये सरकारने नमते घेतले आणि निम्मे तरी गोरे असलेले पंच मागण्याचा हक्क गोऱ्या आरोपीला दिला. डॉईलच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. पण त्या बटलरच्या एका वाक्याच्या वाक्यामागे केवढे अंधारे घर आहे, हे आपण तरी पाहिले पाहिजे.

कथेत आणखी काही माणसे आहेत, ज्यांच्याकडे बोट दाखविले जाते. रॉयलॉटच्या रानात जिप्सींची पाले पडलेली असतात. ज्युलियाच्या तोंडचा 'बँड' हा शब्द, जिप्सींच्या डोक्यावरचे ठिपक्यांचे रुमाल आणि त्यांची टोळी, एवढ्यावरून संशय त्यांच्यावर जातो. हे जिप्सी आपल्याला परके नव्हेत. त्यांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेले, हे भाषेच्या अभ्यासकांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच ओळखले होते. आजही त्यांच्या बोलीत पाण्याला पानी, नाकाला नाख आणि काळ्याला कालो म्हणतात. आणि इकडे, त्यांच्या मागे राहिलेल्या भाऊबंदांसाठी सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्या सबंध जमाती, त्यांची नोंद, त्यांची हजेरी, गाव सोडायला परवाना. आमच्या शेजारच्या सोलापुरात अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. कायदा कागदावरून गेला. मनातून जायला वेळ लागतो.

किती वेळ लागतो, ते आमच्याच ओसरीवर मी पाहिले. ती गोष्ट ऐकल्याला वर्षही झाले नसेल. उन्हाळ्यात आजीच्या सोन्याच्या पाटल्या पेटीतून गेल्या. फौजदार आले, ओसरीवर बसले, चहा झाला. संशय कुणावर, असे त्यांनी विचारले. ओढ्याकाठी तेव्हा पारध्यांची चार-पाच पाले होती. अण्णांनी तिकडे हात केला. होम्सची गोष्ट आम्हाला सांगणारा तोच हात.

दोन माणसांना ठाण्यावर नेले. आठ दिवसांनी सोडले, तेव्हा त्यांतला एक लंगडत होता. दुसऱ्या सकाळी ओढ्याकाठी चुलींची राख तेवढी उरली होती. पाटल्या सापडल्या दीड वर्षाने, सोलापुरात एका सावकाराकडे गहाण ठेवलेल्या. ठेवणारा हात आमच्याच घरातला निघाला. तो कुणाचा, हे इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. घरात चार दिवस कुणी कुणाशी बोलले नाही, आणि मग सगळे झाकले गेले. ठाण्यावर जाऊन कुणी काही सांगितले नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत पोरांनी पुन्हा तीच गोष्ट मागितली. अण्णांनी ती सांगितली. शेवटाला होम्स वॉटसनला म्हणतो की, जिप्सींची पाले आणि तो 'बँड' शब्द यांमुळे आपण आधी अगदी चुकीच्या निष्कर्षावर आलो होतो. पण खोली पाहिली, आणि बाहेरून कुणी येणे शक्यच नाही असे दिसताच आपण तो सोडून दिला. धोका घरातच होता. इथे आले आणि अण्णांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "ह्या माणसाचं मोठेपण सापात नाही रे. चुकलो म्हणाला, त्यात आहे." आणि गोष्ट तिथेच संपविली.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८७ मध्ये, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यांचे गाव धनेगाव, लातूर तालुक्यातले. लातूर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. पुढच्या वर्षी पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अमीर अली बोलला तो साहेबाच्या लेखणीतून. रॉयलॉटच्या रानातले जिप्सी तर एक शब्दही बोलत नाहीत. ज्यांच्याकडे दीडशे वर्षे बोट दाखविले गेले, त्यांच्यातल्या एकाने आमच्या मुलखातून स्वतःची लेखणी उचलली, ती या वेळी. मी ते पुस्तक अण्णांना नेऊन दिले. त्यांची दृष्टी मंदावली होती, म्हणून मी वाचून दाखविले. त्यांनी मध्ये एकदाही थांबविले नाही.

आता उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्यालाही २०२३ पासूनची वर्षे मोजावी लागतात. अण्णा केव्हाच गेले. त्यांचे ते कणा मोडलेले पुस्तक माझ्यापाशी आहे, आणि गोष्ट सांगण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. अण्णांची आणखी एक सवय मात्र मी कुणाला कधी सांगितली नव्हती. पाटल्या सापडल्यानंतरच्या दर दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, ते फराळाची पाटी घेऊन एकटेच ओढ्याकडे जात. पाले असली तर पाटी तिथे रिकामी होई. नसली तर गावाबाहेरच्या माळावर, पुढच्या गावाच्या वेशीवर, जिथे भेटतील तिथवर ते चालत जात. त्या लंगडणाऱ्या माणसाची चौकशी करीत.

तो त्यांना शेवटपर्यंत भेटला नाही. पाटी मात्र कधी भरलेली परत आली नाही.